फुलापासून कापडापर्यंत : कोल्हापूर परिसरातील फुलांवरून वस्त्रनक्षी घडवण्याची रीत

कापडासाठी फुलांची नक्षी करायची म्हटले की आज बहुतेक नवशिके मोबाइलवर फुलांची छायाचित्रे शोधू लागतात, आणि त्यांची नक्षी बाजारात आधीच असलेल्या नक्ष्यांच्या गर्दीत हरवते ती तेथेच. छायाचित्रात फुलाची एकच बाजू, एकच उजेड आणि दुसऱ्या कोणाच्या तरी नजरेने केलेली निवड असते. फूल हातात घेतले की देठ कोठे वाकतो, पाकळी मागून कशी दिसते, कळी उमलताना कोणत्या बाजूने वळते आणि सुकताना रंग आधी कोठून उतरतो हे सगळे कळते, आणि नक्षीला वेगळेपण येते ते याच गोष्टींतून. म्हणून माझा आग्रह एकच आहे. एक फूल निवडावे आणि पहिल्या निरीक्षणापासून नमुन्याच्या कापडापर्यंत त्याच फुलाला धरून राहावे. अनेक फुलांची वरवरची ओळख करून देणाऱ्या वहीपेक्षा एकाच फुलाने भरलेली वही या कामाला कितीतरी अधिक उपयोगी पडते.

फुलाची निवड

कोल्हापुरात राहणाऱ्याला फुलांची वानवा नसते. फाल्गुनाच्या सुमारास पळस आणि पांगारा पेटतात, उन्हाळ्यात बहावा, गुलमोहर आणि आपले राज्यफूल असलेले ताम्हण फुलते, पावसाळ्यात कुंपणावर गोकर्ण आणि अंगणात प्राजक्ताचा सडा असतो, भाद्रपदात गौरीसाठी तेरडा घरात येतो आणि दसऱ्याला झेंडू व शेवंतीचे ढीग लागतात. पाऊस ओसरू लागला की पन्हाळ्याजवळचे मसाई पठार आणि सह्याद्रीतील इतर सडे, म्हणजे खडकाळ पठारे, रानफुलांनी भरून जातात.

पहिल्या कामासाठी मात्र रानफुलाच्या मागे जाऊ नये. जे फूल निदान दोन आठवडे रोज ताजे मिळू शकेल, तेच घ्यावे. जास्वंद, तगर, सदाफुली किंवा झेंडू ही त्यासाठी उत्तम फुले आहेत. पठारावरील फुलांचे काम करायचेच असेल तर वही तेथे न्यावी आणि फूल तेथेच राहू द्यावे. राधानगरी अभयारण्य आणि साताऱ्याजवळचे कास पठार हे पश्चिम घाटाचे भाग म्हणून २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेले आहेत. अशा ठिकाणी फुले तोडणे हा नियमभंग तर आहेच, शिवाय तोडलेले रानफूल घरी येईपर्यंत मलूल होते आणि त्याचा अभ्यासाला काही उपयोग राहत नाही.

निवड करताना फुलाच्या ठेवणीकडेही लक्ष द्यावे, कारण तिचा परिणाम थेट कापडावर होतो. सदाफुली, तगर, ताम्हण ही फुले केंद्राभोवती सगळीकडे सारखी असतात. ती कशीही फिरवली तरी उलटी दिसत नाहीत. तेरडा आणि गोकर्ण यांना मात्र वरची आणि खालची बाजू असते. तेरड्याला तर मागे वळलेली बारीक शेपटीही असते. वर-खाली असलेली नक्षी कापडावर एकाच दिशेने छापली, तर कपडे शिवताना सगळे तुकडे त्याच दिशेने बेतावे लागतात आणि कापड जास्त लागते. म्हणून तेरडा घ्यावाच, पण तो निरनिराळ्या दिशांना वळवून मांडण्याची तयारी ठेवून घ्यावा.

निरीक्षण आणि रेखाटन

सकाळच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर एकच फूल ठेवून बसावे. जवळ दहापट मोठे दाखवणारे भिंग, एक नवे ब्लेड, पेन्सिल आणि साधी वही असली की पुरे. रंगाची पेटी पहिल्या बैठकीत उघडूच नये, कारण रंग समोर आले की आकाराकडे दुर्लक्ष होते.

एकेरी जास्वंदीचे उदाहरण घेऊ. पाच पाकळ्या असतात हे सर्वांना ठाऊक असते, पण त्या एकमेकींवर कशा चढलेल्या असतात हे फार थोड्यांनी पाहिलेले असते. प्रत्येक पाकळीची एक कड शेजारणीच्या वर आणि दुसरी कड दुसऱ्या शेजारणीच्या खाली असते, त्यामुळे अख्खे फूल एका दिशेने फिरत असल्यासारखे वाटते. ही गती कळीतच असते. कळी मिटलेल्या छत्रीसारखी पीळ घालून गुंडाळलेली असते आणि दिवस सरला की फूल पुन्हा आत वळून मिटते. मधल्या लांब दांड्यावर पिवळ्या परागकोशांची दाटी असते आणि त्याच्या टोकाला पाच लाल ठिपके वेगवेगळे उभे असतात. फूल पालथे केले तर हिरव्या पेल्याच्या खाली आणखी एक, अगदी अरुंद हिरव्या पात्यांचे कडे दिसते. पाकळीतील शिरा बुडापासून पंख्यासारख्या निघून कडेजवळ फुटत जातात. शेवटी बुडाशी असलेला बीजकोश ब्लेडने आडवा कापला, तर आत पाच कप्पे दिसतात, म्हणजे पाकळ्यांचा आकडा तेथेही पुन्हा येतो.

या एका फुलाची निदान सहा रेखाटने करावीत: समोरून, बाजूने, मागून, कळीचे, उभ्या छेदाचे आणि आडव्या छेदाचे. प्रत्येक रेखाटन तळहाताएवढे मोठे असावे. छेदांची रेखाटने अनेकजण टाळतात, परंतु माझ्या अनुभवात सर्वांत ताज्या नक्ष्या तेथूनच मिळतात, कारण समोरून दिसणारी जास्वंद सगळ्यांनी काढलेली असते आणि तिचा आडवा छेद फारसा कोणी काढलेला नसतो. रेखाटनाच्या बाजूला शब्दांतही टिपणे करावीत. ‘कड झालरीसारखी’, ‘देठाशी गडद’, ‘तिसऱ्या प्रहरी मिटू लागते’ अशी तीन-चार शब्दांची टिपणे पुढे रंग आणि पोत ठरवताना फार कामाला येतात.

त्यानंतर फुलाऐवजी फुलांमधली रिकामी जागा काढावी. फांदीवर दोन-तीन फुले असतील तर त्यांच्यामधून दिसणाऱ्या मोकळ्या जागेचे आकार काळ्या रंगाने भरावेत. कापडावर जमिनीचा, म्हणजे नक्षीमागचा, रंग म्हणून जे दिसते ते हेच आकार असतात, आणि नक्षी दाट वाटेल की मोकळी, हे फुलांइतकेच त्यांच्यावर अवलंबून असते.

आकार सोपा करणे

निरीक्षणात जे सापडले ते सगळेच कापडावर येऊ शकत नाही, त्यामुळे आता निवड करावी लागते. ही निवड कशी करावी याचे धडे कोल्हापूरच्या आसपास दगडात कोरलेले आहेत. शिरोळ तालुक्यातील खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात शिलाहारकालीन कारागिरांनी कोरलेली कमळे आणि वेलपट्टे वही घेऊन नीट पाहावेत. कमळाच्या असंख्य बारकाव्यांपैकी त्यांनी पाकळीची फुगीर कड आणि टोकाचा कोन एवढेच ठेवले, बाकीचे सोडून दिले, आणि तरीही ते फूल कमळच वाटते. आपल्या फुलाबाबतही हाच प्रश्न विचारावा: काय काढून टाकले तर ते ओळखू येणार नाही? तगरीत तो पाकळ्यांचा चक्राकार पीळ असतो, प्राजक्तात पांढऱ्या पाकळ्यांखालचा केशरी देठ असतो, ताम्हणात पाकळीच्या चुरगळलेल्या कडा असतात. ते एक वैशिष्ट्य ठरले की त्याच फुलाची तीन रूपे करावीत: पुरेशा बारकाव्यांचे मोठे, बाह्यरेषा आणि दोन-चार शिरा असलेले मधले, आणि अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत बसणारे अगदी साधे. साडीच्या भाषेत बोलायचे तर पहिल्यातून पदराचा बुट्टा निघतो, दुसऱ्यातून काठाची वेल आणि तिसऱ्यातून अंगावरची बुट्टी.

दुसरी शाळा महाद्वार रोडवर आणि अंबाबाईच्या मंदिर परिसरात फुले विकणाऱ्यांच्या पाट्यांवर भरते. वेणी ही मुळातच एक तयार किनार असते. अबोली, मोगरा आणि मधे दवण्याची किंवा मरव्याची हिरवी काडी यांचा क्रम गुंफणाऱ्या बाईंच्या हातात पक्का बसलेला असतो, आणि त्या क्रमात किती फुलांनंतर हिरवे येते, कळ्यांची तोंडे एकाच बाजूला आहेत की आलटून पालटून, दोऱ्याची गाठ दिसते की झाकली जाते, हे टिपून घेतले तर काठाच्या नक्षीचा आराखडा जवळजवळ हाती येतो. त्यांच्या गिऱ्हाइकीच्या वेळी मात्र मधे उभे राहू नये. दुपारी गर्दी कमी असताना, एखादी वेणी विकत घेऊन, विचारून बसावे.

रंग ठरवणे

फुलाचा रंग नेहमी दिवसाच्या उजेडात आणि शक्यतो सकाळी पाहावा, कारण ट्यूबलाइटखाली जुळलेल्या दोन छटा बाहेर उन्हात वेगळ्या पडू शकतात. छटांपेक्षाही त्यांच्या प्रमाणाकडे अधिक लक्ष द्यावे. प्राजक्तात केशरी रंग पांढऱ्याच्या मानाने थोडा असतो, म्हणूनच तो उठून दिसतो; तोच केशरी अर्ध्या कापडावर पसरला तर प्राजक्त राहत नाही. हे प्रमाण पकडण्यासाठी सुमारे १० सेंटीमीटर लांबीच्या पुठ्ठ्याच्या पट्टीवर भरतकामाचे रंगीत धागे शेजारी शेजारी गुंडाळावेत. फुलात जो रंग जितका, तितक्याच रुंदीत त्या रंगाचा धागा गुंडाळायचा. देठ, पाने आणि कळीचा हिरवा रंगही त्यात घ्यावा. कोमेजलेल्या फुलाची आणखी एक पट्टी करावी, कारण सुकलेल्या जास्वंदीतला जांभळट तपकिरी रंग ताज्या लाल रंगापेक्षा सुती कापडावर अनेकदा अधिक शोभतो.

छपाईचे काम असेल तर रंगांची संख्या आधीच आवरावी. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये, म्हणजे जाळीतून रंग दाबून केलेल्या छपाईत, प्रत्येक रंगाला स्वतंत्र स्क्रीन लागते आणि खर्च त्या हिशेबाने वाढतो, म्हणून सुरुवातीला तीन ते पाच रंगांत नक्षी बसवण्याचा सराव ठेवावा.

रिपीट बांधणे

नक्षी एकदा काढून भागत नाही. ती कापडभर पुन्हा पुन्हा यावी लागते आणि जोड दिसता कामा नये. अशा पुन्हा पुन्हा येणाऱ्या एका तुकड्याला रिपीट म्हणतात. संगणकावर हे काम चटकन होते, तरी ते एकदा तरी कागदावर हाताने करून पाहावे, कारण जोड कोठे आणि का उघडा पडतो हे त्याशिवाय समजत नाही. चौकोनी कागदाच्या मध्यभागी फुले काढावीत, पण चारही कडांना काहीही टेकू देऊ नये. मग कागद मधोमध उभा कापून दोन्ही तुकड्यांची अदलाबदल करावी आणि मागून चिकटपट्टी लावावी. आता जुन्या बाहेरच्या कडा मध्ये येतात आणि त्यांच्यामधली मोकळी जागा फुले, पाने, कळ्या यांनी भरता येते. त्यानंतर कागद आडवा कापून वरचा आणि खालचा तुकडा बदलावा आणि उरलेली मोकळी जागा भरावी. या कागदाच्या प्रती चारही बाजूंनी एकमेकींना जोडल्या की नक्षी अखंड चालू राहते. जोडताना प्रत्येक पुढचा उभा पट्टा अर्ध्या उंचीने खाली सरकवायचा असेल, तर त्याला हाफ ड्रॉप म्हणतात. फुलांच्या नक्षीत तो अधिक नैसर्गिक वाटतो, मात्र कडा भरताना हे सरकणे आधीच हिशेबात धरावे लागते.

निदान नऊ प्रती जोडून भिंतीवर लावाव्यात आणि दूर जाऊन डोळे किलकिले करून पाहावे. जवळून सुंदर दिसणाऱ्या नक्षीत दुरून तिरक्या रेघा किंवा रिकाम्या गल्ल्या दिसू लागतात, आणि एखादे ठळक फूल सगळीकडे डोकावत राहते. गल्लीत एखादी कळी घालावी, डोकावणाऱ्या फुलाचा देठ वळवावा आणि पुन्हा पाहावे. या पायरीला जेवढा वेळ द्यावा तेवढा थोडाच.

मापाचाही विचार येथेच करावा. रोटरी स्क्रीनचा, म्हणजे छपाईच्या फिरत्या नळकांड्याच्या जाळीचा, परीघ साधारण ६४ सेंटीमीटर असतो, त्यामुळे रिपीटची उंची ६४, ३२ किंवा १६ सेंटीमीटर अशी ठेवावी लागते. साडीसाठी काम करताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नेसलेल्या साडीत काठ पायांभोवती आडवा जातो आणि पदर खांद्यावरून खाली सुटतो, म्हणजे अंगावरच्या बुट्टीची ‘वर’ची दिशा साडीच्या रुंदीत असते आणि पदरावरची लांबीत. पदराची फुले अंगावरच्या फुलांशी काटकोनात वळवली नाहीत, तर नेसल्यावर ती आडवी पडतात.

तंत्राप्रमाणे नक्षी बदलणे

कोल्हापूरच्या वस्त्रकाराचे मोठे भाग्य असे की इचलकरंजीसारखे यंत्रमागाचे गाव सुमारे ३० किलोमीटरवर आहे, आणि विणकरीच्या मर्यादा प्रत्यक्ष मागासमोर उभे राहून समजून घेता येतात. डॉबी ही मागावरचे उभे धागे फ्रेमच्या, म्हणजे चौकटींच्या, साहाय्याने उचलणारी यंत्रणा. तिच्यात फ्रेम मोजक्या असतात, त्यामुळे फूल लहान आणि बहुधा दोन्ही बाजूंनी सारखे ठेवावे लागते. १६ फ्रेममध्ये धागे टोकदार क्रमाने, म्हणजे एकापासून सोळापर्यंत चढत आणि पुन्हा उतरत भरले, तर नक्षी ३० ताण्यांत, म्हणजे उभ्या धाग्यांत, पुरी होते. ३० धाग्यांत काय मावेल हे आलेख कागदावर पाहिले की फुलाचे कोणते वैशिष्ट्य ठेवायचे हा प्रश्न आपोआप धारदार होतो. जॅकार्डवर, म्हणजे उभे धागे सुटे सुटे उचलणाऱ्या यंत्रणेवर, मोठे आणि मोकळे फूल विणता येते.

दोन्ही प्रकारांत साधा चौकोनी आलेख कागद फसवतो. कापडात इंचाला ७२ ताणे आणि ४८ बाणे, म्हणजे आडवे धागे, असतील, तर गोल फुलासाठी ३६ ताण्यांमागे २४ बाणे धरावे लागतात. दोन्हीकडे ३६ घेतले तर फूल उभे ताणलेले निघते. शिवाय पाकळीची जागा मोठी असेल तर वर मोकळे राहिलेले लांब धागे अडकून निघतात. ते मधेमधे बांधावे लागतात, आणि येथे निरीक्षणातल्या शिरा कामाला येतात. बांधणीच्या जागा पाकळीच्या शिरांवर घेतल्या की कापड मजबूत होते आणि पाकळीही जिवंत दिसते.

भरतकामाला आपल्या सीमेपलीकडच्याच कर्नाटकातील कसुती या भरतकामाचा आदर्श आहे, आणि इरकली लुगड्यांमुळे तो या भागाला जवळचा आहे. कसुतीत कापडाचे धागे मोजून टाके घालतात आणि त्यातला गवंती नावाचा टाका दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, म्हणून फूल सरळ आणि तिरक्या रेषांतच विचारात घ्यावे. जास्वंदीच्या पाकळीतील गडद-फिकट छटा दाखवायच्या असतील तर लांब-आखूड टाका बरा. जुन्या सुती लुगड्यांच्या वाकळीवर गुलमोहरासारखे मोठे, ठसठशीत आकार कापून शिवले तर फार खुलतात.

निर्माल्यातून रंग

फुलांपासून प्रत्यक्ष रंगही मिळतो आणि देवळांच्या गावात झेंडू निर्माल्यात भरपूर मिळतो. तो घेताना दोरे, प्लास्टिक आणि कुंकू-गुलाल लागलेली फुले काढून टाकावीत. १०० ग्रॅम सुती कापड आधी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकळून स्वच्छ करावे, म्हणजे खळ आणि तेलकटपणा निघतो. मग १५ ते २० ग्रॅम हिरड्याची पूड गरम पाण्यात कालवून कापड त्यात रात्रभर ठेवावे, पिळून वाळवावे आणि नंतर १५ ग्रॅम तुरटीच्या कोमट पाण्यात काही तास भिजवावे. सुती धाग्यावर तुरटी एकटी नीट टिकत नाही, हिरड्यातील टॅनिन तिला धरून ठेवते, म्हणून हिरड्याची पायरी गाळू नये. कापडाच्या दुप्पट वजनाच्या ताज्या पाकळ्या स्टीलच्या पातेल्यात तासभर मंद आचेवर ठेवाव्यात, पाणी खळखळ उकळू देऊ नये. ते गाळून त्यात ओले कापड पाऊण ते एक तास ढवळत ठेवावे, त्यातच थंड होऊ द्यावे आणि सावलीत वाळवावे. सोनेरी पिवळा रंग येतो. त्याच कापडाचा एक तुकडा दोन ग्रॅम हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, विरघळवलेल्या पाण्यात थोडा वेळ बुडवला की तो शेवाळी होतो, आणि एकाच फुलाच्या दोन छटा नक्षीसाठी मिळतात. ही भांडी पुन्हा स्वयंपाकाला वापरू नयेत आणि हिराकसचे पाणी नदी-नाल्यात सोडू नये.

गोकर्णाचा निळा आणि जास्वंदीचा जांभळा रंग मात्र विक्रीच्या कापडावर वापरू नये. लिंबाने आणि सोड्याने ते बदलतात, उन्हात लवकर उडतात. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण त्यांनाही लागू पडते. वहीतल्या प्रयोगांसाठी ते अवश्य करावेत.

नमुना आणि तपासणी

पूर्ण ताका करण्याआधी किमान एक मीटर नमुना छापून किंवा विणून घ्यावा. त्यात एक तरी पूर्ण रिपीट आणि दोन्ही दिशांचे जोड आले पाहिजेत. नमुन्याचा एक तुकडा घरच्या साबणाने पांढऱ्या कपड्याबरोबर धुवावा, दुसऱ्याचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकून दोन आठवडे उन्हाच्या खिडकीत ठेवावा, आणि तिसरा अंगावर टाकून आरशात दुरून पाहावा, कारण सपाट टेबलावर शोभणारे फूल चुण्यांत तुटून जाऊ शकते. फरक दिसला तर आधी रंग आणि मग माप बदलावे. फूल बदलण्याची घाई करू नये. प्रत्येक तुकड्याच्या मागे कापडाचा प्रकार, रंगाचे प्रमाण, रिपीटचे माप, तारीख आणि मूळ रेखाटनाचे पान लिहून तो वहीत त्याच फुलाच्या पानांना टाचावा, म्हणजे छपाईवाल्याकडे किंवा मागवाल्याकडे पुढची ऑर्डर देताना तोंडी वर्णन करावे लागत नाही.